चढायची गाडी

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही. फॉरेस्टच्या साहेबापुढे नाही, सोयरिकीत व्याह्यापुढे नाही आणि देवळात देवापुढेही नाही. देवाला ते ताठ उभं राहून हात जोडत आणि "त्याले माहा चेहरा तं दिसला पाह्यजे ना" असं कारण देत. देहच तसा होता. सहा फुटांच्या वर उंची, त्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. गावात म्हणत, या माणसाच्या टोपीचा माथा कावळ्याशिवाय कुणी पाहिलेला नाही. स्वतःच्या घराच्या साऱ्या चौकटी त्यांनी उंच करून घेतल्या होत्या. दुसऱ्याच्या घरी गेले की ते अंगणातच उभे राहत आणि घरातल्या माणसांना बाहेर बोलावून बोलत. न्हावी त्यांची दाढी विटांवर उभा राहून करायचा. आमच्या लग्नात मांडवाचं तोरण जरा खाली बांधलं गेलं, तर अक्षता पडायच्या वेळी यांनी मांडवाचे बांबू वर सरकवायला लावले आणि तोवर भटजींना थांबवून ठेवलं. भटजींनी मुहूर्त टळतो म्हणून सांगून पाहिलं. "मुहूर्ताले सांगा, मानूस येऊन राह्यला," असं उत्तर मिळालं.

बायकोचा मामा म्हणजे तसं लांबचं नातं. पण सासऱ्यांनी कन्यादान केलं आणि मामाजींनी मला ताब्यात घेतलं. मी तेव्हा चंद्रपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो, आणि मूल–सिंदेवाहीच्या मधल्या एका गावात मामाजींची भाताची गिरणी होती. सुट्टी लागली की आम्ही दोघं तिकडे. मामाजींच्या लेखी जगात दोनच प्रकारची वाहनं होती. ज्यात चढावं लागतं ती गाडी आणि ज्यात घुसावं लागतं ते बीळ. मी हौसेनं घेतलेली छोटी गाडी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात उभी केली, तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "जवाईबापू, हे डब्बी तिकडं सावलीत ठेवा. कोंबडीनं अंडं घातलं तं सांगतो." त्या गाडीत ते कधीही बसले नाहीत. एकदा भर उन्हात एस. टी. चुकली, मी गाडीचं दार उघडून उभा राहिलो, तरी ते बाजूनं चालत राहिले. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या शेजारून गाडी नेत होतो आणि खिडकीतून आम्ही धानाच्या भावावर बोलत होतो.

त्यांची पहिली गाडी लिलावातली जीप होती. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. तिची दारं गंजलेली होती, टपाचं कापड फाटलेलं होतं आणि ब्रेकवर मामाजींचा विश्वास होता, इतरांचा नव्हता. पण ती उंच होती. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत रस्ते चिखलात नाहीसे होत, तेव्हा तालुक्याच्या गावाला जाणारं तेवढं एक वाहन चाले, आणि त्या वाहनाचा एक नियम होता. रस्त्यात कुणी हात वर केला की थांबायचं. मग तो ओळखीचा असो, परका असो, त्याच्याकडे कोंबडी असो की आजारी आजी असो. एकदा तर एक माणूस नुसता आळस देत होता, तर त्यालाही हे बसवून सिंदेवाहीला घेऊन गेले. "हात वर केला होता ना? मंग?" उंच गाडीवाल्यानं पुढे निघून गेलं तर त्याची उंची फुकट, असं ते म्हणत. ही गोष्ट मात्र त्यांनी कधी थट्टेत सांगितली नाही.

या सगळ्या उंचीत एकच अडचण होती, आणि ती म्हणजे आमच्या मामीजी. मामीजी मामाजींच्या कोपरापर्यंत पोहोचायच्या. त्यात नऊवारी. जीपमध्ये चढणं त्यांच्या बापजन्मी शक्य नव्हतं. म्हणून मामाजींनी गावातल्या वाढयाकडून, म्हणजे सुताराकडून, गिरणीच्या जुन्या सागवानातून एक ठेंगणं स्टूल करून घेतलं. निघायची वेळ झाली की मामाजी स्वतः ते स्टूल उचलून डाव्या दाराशी ठेवत, हलवून पाहत, खाली खडा असला तर काढत, आणि मामीजी त्यावर पाय देऊन एखाद्या पाटलिणीच्या थाटात पुढच्या सीटवर बसत. ती सीट त्यांचीच. मोठमोठे साहेब त्या गाडीत मागे बसून गेले आहेत. एकदा एका साहेबांनी आपण होऊन पुढचं दार उघडलं, तर मामाजी म्हणाले, "ते जागा रिकामी नाई." मामीजी त्या दिवशी माहेरी होत्या. साहेब मागे बसले.

जीप पार खिळखिळी झाली तेव्हा मामाजींनी एक बंद, दणकट, उंच गाडी घेतली. गिरणीच्या कामाला ठेवलेली शेवटची बैलजोडी त्याच साली गेली होती. पोळा जवळ आला आणि दावणीत बैल नाही, याचं मामीजींना फार लागलं. मामाजींनी दोन दिवस विचार केला आणि जाहीर केलं की यंदा पोळ्यात आपली गाडी उभी राहील. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत पोळा म्हणजे काय हे सांगायला नको. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते, पळसाच्या पानानं खांद्याला हळद-तूप लावतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं बैलांना जेवणाचं आमंत्रण देतात आणि दुसऱ्या दिवशी सजवून तोरणाखाली रांगेत उभे करतात. त्या दिवशी बैलाला कुणी जुंपत नाही. आता गाडीची खांदशेकणी करायची म्हटल्यावर संध्याकाळी अंगणात सारं गाव जमलं आणि वाद पेटला तो असा, की गाडीला खांदे कुठे असतात? गावच्या पाटलांचं म्हणणं, गाडी मागच्या चाकांच्या जोरावर चालते, म्हणून खांदे मागे. मामाजींचं म्हणणं, ओझं ओढणाऱ्याचे खांदे पुढेच असतात, पाटलांनी आपली अक्कल मागे ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. मी इतिहासाचा प्राध्यापक, म्हणून मला पंच नेमलं. मी पाटलांची समजूत काढत फाटकाशी उभा असतानाच तिकडे मामीजींचा हात बॉनेटपर्यंत पोहोचेना म्हणून मामाजींनी स्टूल लावलं आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या वर खांदशेकणी उरकूनही टाकली. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलांच्या रांगेत शेवटी आमची गाडी उभी राहिली. आरशांना बाशिंग, बॉनेटवर झूल. विरोधी पक्षानं झडती, म्हणजे पोळ्यातलं चिमटे काढणारं गाणं, म्हटली:

"कोनाचा बैल खाते तनीस, कोनाचा खाते चारा,
यायचा बैल पिते डिझेल, सोडते काळा धुवारा!"

आणि वर 'हर हर महादेव'चा गजर. मामाजी ताठ उभे राहून सगळ्यांच्या डोक्यांवरून पाहत होते. "तुमचे बैल रोवणीत चिखलात बसले होते, तवा कोन आलं होतं ओढाले?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि दोन-तीन बैलमालकांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी गाडीला किल्ली लागली नाही. पुढे दर पोळ्याला लागली नाही. पोळ्याच्या दिवशी मामाजी कुठेही पायी जायचे, आणि गाडीच्या चाकापुढे पुरणपोळीचा नैवेद्य असायचा.

मामाजींचा एकुलता मुलगा बाबू पुण्याला होता, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. त्याला गाड्यांतलं खरोखर कळायचं, आणि वडिलांशी वाद घालायला एवढं कारण पुरेसं होतं. दिवाळीत तो घरी आला की अंगणात खुर्च्या मांडून वाद सुरू. बाबू समजावून सांगायचा, की बाबा, ही उंच गाड्यांची हौस दोन-चार वर्षांची आहे. डिझेल महागलं की संपलं. परदेशातही हेच म्हणून राहिले आहेत. पैसेवाला माणूस शेवटी लांबलचक, बुटकी, मऊ चालीची गाडीच घेतो, त्यातच इभ्रत आहे. शहाणी माणसं सगळीकडे हेच बोलत होती. आमच्या स्टाफरूममध्ये हेच, वर्तमानपत्रात हेच. एकटे मामाजी गिरणीच्या ओट्यावर बसून साऱ्या जगाच्या विरोधात होते. "बाबू, श्रीमंत मानसाले काय पाह्यजे, तुले सांगू? त्याले गादी नाई पाह्यजे, गाणे नाई पाह्यजे. त्याले दुसऱ्याच्या गाडीचा टप दिसला पाह्यजे. राजा हत्तीवर काऊन बसे? हत्ती काय ॲव्हरेज देत होता?" बाबू डोक्याला हात लावायचा. "मी मेल्यावर बी लोक उंचच गाडी घेतीन. लिहून घे." बाबू म्हणायचा, "लिहून घेतलं." कुणीच लिहून घेत नसे.

दोन हजार सालानंतर भाताला बरे दिवस आले आणि मामाजींनी ठरवलं, आता गाडी घ्यायची ती अशी, की नागपूरवाल्यांनीही थांबून पाहावं. मला घेऊन ते नागपूरच्या एका भपकेबाज शोरूममध्ये गेले. आत काचेसारखी फरशी, गारवा, मंद संगीत. टाय लावलेल्या विक्रेत्यानं आधी अदबीनं एक लांब, बुटकी गाडी दाखवली. मामाजींनी तिच्याकडे वरून पाहिलं आणि मला म्हणाले, "इच्यात झोपावं लागते का?" मग कोपऱ्यातली ती भली थोरली काळी गाडी त्यांना दिसली. विक्रेता सांगू लागला, ही एसयूव्ही. "एवढ्या मोठ्या गाडीले नाव एवढंसंच?" म्हणून मामाजींनी दार उघडलं, चढले आणि बसले. टोपीला छप्पर लागलं नाही. उतरून त्यांनी दाराची चौकट हातानं मोजली. मग त्यांना गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते पाहायचं होतं. त्यासाठी वाकावं लागणार होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीच्या पॅंटनं त्या चकचकीत फरशीवर पालथा पडलो आणि खालून सांगितलं, "मामाजी, माझं डोकं आरामात जातं." "मंग आमच्या वाटेवरचा सुसरबोडीचा नाला बी जाईन," मामाजी विक्रेत्याला म्हणाले. विक्रेत्यानं चामड्याच्या सीटची तारीफ केली, पाण्याचे डाग कसे पडत नाहीत ते सांगितलं. "मासोळीचे?" मामाजींनी विचारलं. त्याच्या माहितीपत्रकात ते नव्हतं.

उत्तर आम्हाला गावात शिरतानाच मिळालं. तलावावरून मासे घेऊन निघालेल्या तीन बायांनी सवयीनं हात वर केले आणि नवी कोरी गाडी थांबली. बायाच बिचकल्या. "भाऊ, टोपल्यातून पानी गळते." "गळू द्या बाई. हे सीट म्हशीच्या कातड्याची आहे, म्हैस का पान्याले भेते?" पहिल्याच दिवशी त्या गाडीला जो वास लागला, तो शेवटपर्यंत गेला नाही. पुण्याहून बाबू आला, दार उघडलं आणि मागे सरला. एवढी महागडी गाडी, आणि तिच्यात बोथी-मुरकुट्या मासोळ्यांचा वास! मला मात्र त्या दिवसापासून ती गाडी फार आवडायला लागली. जगातल्या साऱ्या भारी गाड्या मालकाची शान वाढवायला निघतात म्हणतात. म्हणोत. या गाडीनं गावातल्या निम्म्या बाळंतिणी दवाखान्यात पोहोचवल्या आणि हिवाळ्यात नाटकाला जाणारी निम्मी वऱ्हाडं.

आणि मग मामाजींचे गुडघे गेले. पाय वाकेनासे झाले. उकिडवं बसणं तर बंदच. बाबूला कुणीतरी कळवलं, की वडील गाडीत चढताना दाराला लोंबकळतात. तो काळजीनं धावत आला, आणि येताना स्वतःच्या पैशानं वडिलांसाठी एक लांब, बुटकी, चंदेरी गाडी घेऊन आला. मुलाचं मन चांगलं होतं, यात शंका नाही. बेतही पक्का होता. बाबांनी आता खालच्या गाडीत आरामात बसायचं, आणि काळी गाडी त्यानं नागपूरला एकाला द्यायचं कबूल केलं होतं. दोन दिवसांनी माणूस न्यायला येणार होता. मामाजी रात्री जेवले नाहीत. सकाळी मी गिरणीत गेलो तर ओट्यावर बसले होते. म्हणाले, "जवाईबापू, गुडघे गेले त्याचं काही नाई. पन हे गाडी गेली तं मी खाली आलो. मंग मले कोन हात वर करन?" त्यांच्या तोंडून अशी गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. मामीजी दरवर्षी मार्कंड्याच्या जत्रेला जायच्या. बाबूनं हट्ट धरला, नव्या गाडीनंच जाऊ, बाबांना चाल कळेल. मामाजी आयुष्यात पहिल्यांदा त्या बिळात घुसले. टोपी काढावी लागली, ती त्यांनी मांडीवर धरून ठेवली. वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत गाडी खरोखर लोण्यासारखी चालली, हे मी नाकारत नाही. बाबू मध्येमध्ये आरशातून वडिलांकडे पाहत होता. पण जत्रेत गाड्या उभ्या करायची सोय होती धान कापलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत. बैलगाड्या आत गेल्या, ट्रॅक्टर गेले, जीपा गेल्या. आमची चंदेरी गाडी पहिल्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढली आणि पोटावर टेकली. पुढची चाकं हवेत, मागची मातीत. आम्ही उतरलो. मामाजींना उतरता येईना. सीट एवढी खाली की गुडघे छातीशी आलेले, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांवर जोर देऊन वर उठणं शक्यच नाही. बाबूनं हात पुढे केला. "हात नको देऊ. मी का विहिरीत पडलो?" असं म्हणून मामाजी समोरच्या काचेतून नाकासमोर पाहत बसून राहिले.

मामीजी दर्शनाला गेल्या होत्या. जत्रेत आमच्या भागातली माणसं भरपूर. मामाजी आलेत म्हटल्यावर एकेक येऊन भेटू लागला. आणि जो येई तो वाकून, खिडकीत तोंड घालून "रामराम भाऊ" म्हणे. ज्या माणसाशी बोलताना सगळ्यांच्या माना वर व्हायच्या, त्याच्याकडे लोक विहिरीत डोकावल्यासारखे पाहत होते. मामाजी प्रत्येकाला रामराम करत होते, पण नजर देत नव्हते. मांडीवरची टोपी त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. मला ते पाहवेना. बाबूलाही पाहवत नव्हतं. तो उगाच चाकाखालची माती उकरत होता.

मामीजी प्रसाद घेऊन आल्या. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग डिक्की उघडायला सांगितली आणि आतून सागवानी स्टूल काढलं. या गाडीत त्याचं काय काम होतं कोण जाणे, पण सवयीनं त्यांनी ते घेतलं होतं. उघड्या दाराशी स्टूल ठेवून त्या त्यावर बसल्या, मामाजींना प्रसाद दिला आणि मुलाला म्हणाल्या, "बाबू, तुही गाडी लय चांगली आहे. गादी मऊ, गार हवा. तुले बापाची काळजी आहे, ते बी मले समजते. पन मी लगनापासून यायच्याशी वर मान करून बोलली. माही मान आता तशीच बसली. यायले खाली पाहून बोलनं माह्यानं होनार नाई. तू हे गाडी घेऊन जा बाबा, आन् आमची आमाले ठेव." बाबूचे डोळे भरून आले. त्यानं होकाराची मान हलवली.

राहता राहिली चंदेरी गाडी. हर हर महादेव करत आलेल्या भजनी मंडळानं ती चारी बाजूंनी धरली आणि मामाजींसकट उचलली. गाडी धुऱ्यावरून वर आली तशी मामाजींनी टोपी डोक्यावर चढवली आणि खिडकीतून हात बाहेर काढून सांगितलं, "अजून थोडं वर घ्या." घरी आल्यावर गिरणीच्या हमालांनी त्यांना बाहेर काढलं. ते थेट काळ्या गाडीकडे गेले. मामीजींनी तिच्या उजव्या दाराशी हळूच स्टूल ठेवलं आणि पेरूच्या झाडाकडे पाहत उभ्या राहिल्या. मामाजी तिथं स्टूल नाहीच असं समजून त्यावर पाय देऊन चढले, आणि किती तरी वेळ गाडी सुरू न करता नुसते आत बसून राहिले. उंचावर बसलं की पाय मोकळे लोंबतात आणि गुडघा दुखत नाही, असा शोध त्यांनी त्या दिवशी लावला आणि पुढे भेटेल त्या डॉक्टरला ऐकवला.

वाढयाकडून दुसरं स्टूल करून आणलं गेलं. मामाजी डाव्या दाराशी मामीजींचं स्टूल लावायचे. गुडघे करकर वाजायचे, एका हातानं दार धरायचे, पण ते काम त्यांनी कुणाला दिलं नाही. फेरा मारून उजवीकडे येईपर्यंत तिथं दुसरं स्टूल आलेलं असायचं. ते कुणी ठेवलं, हा विषय त्या घरात कधी निघाला नाही.

पुढे झालं ते सर्वांना ठाऊकच आहे. उंच गाड्यांची हौस संपली नाही. डिझेल महागलं, पुन्हा महागलं, तरी संपली नाही. नागपुरात, पुण्यात, जिथं नाला नाही, चिखल नाही, रस्त्यात हात वर करणारं कुणी नाही, तिथंही पैसेवाले एकामागून एक उंच गाड्या घेऊ लागले. शेवटी बाबूनंही घेतली. त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मी मामाजींकडेच होतो. मला वाटलं, खूश होतील. ते उलट खट्टू झाले. साऱ्या जगानं त्यांचं ऐकलं होतं आणि भांडायला कुणी उरलं नव्हतं. "घेतली तं घेतली. पन त्याले विचारा, चिखलात गेली का? नाई ना? मंग ते गाडी नाई, बंगला आहे." त्या दिवाळीत अंगणात खुर्च्या मांडल्या, पण वाद रंगला नाही.

मामाजी गेले ते एका पोळ्याच्या आधी. काळी गाडी शेडमध्येच उभी आहे. बाबू विकायचं नाव काढत नाही, मामीजी काढू देत नाहीत. मधल्या काळात मीही, वयाच्या पन्नाशीत, एक उंच गाडी घेतली. गेल्या वर्षी मामीजींचे डोळे दाखवायला त्यांना चंद्रपूरला न्यायचं होतं, म्हणून मी गेलो. सामान ठेवलं, किल्ली लावली, आणि पाहतो तर मामीजी डाव्या दाराशी नुसत्याच उभ्या. दाराला हात लावत नाहीत, वाट पाहताहेत. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. शेडमधून सागवानी स्टूल आणलं, वाकून दाराशी ठेवलं, हलवून पाहिलं, खालचा खडा काढला. मामीजी चढल्या आणि वरून माझ्या डोक्याकडे पाहत म्हणाल्या, "जवाईबापू, तुमचे केस विरळ झाले."

मी हसलो. म्हटलं, "मामीजी, बरं झालं मी मामाजींएवढा उंच नाही. त्यांच्या टोपीचा माथा म्हणे कावळ्याशिवाय कुणी पाहिला नाही."

"मी तं रोजच पाहो," मामीजी म्हणाल्या. "स्टूल ठेवाले वाकत ना. आन् त्या टोपीवर डाग होता, तुमाले मालूम नाई. पहिल्यांदा गाडीचे खांदे शेकले, पाटील आन् तुमी तिकडं फाटकापाशी भांडत होते, तवा द्रोणात हळद-तूप उरलं होतं. मी वर उभी, हे खाली वाकून स्टूल धरून राह्यले. म्हटलं, गाडीचे खांदे शेकले, हाकनाऱ्याचे कोन शेकन? दिलं लावून टोपीवरच. हळूच म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी तेच टोपी घालून पोळ्यात उभे राह्यले. साऱ्या गावात कोनाले दिसलं नाई."

"आणि मामाजींना? त्यांच्या लक्षात आलं नाही?"

मामीजींनी पदर सारखा केला आणि समोर रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "आलं नसन काय? माहं लावून होईस्तोवर वाकूनच राह्यले ना."